क्रुसाची खूण आणि 'जुनी पेढी' : ग्लासगोच्या फुटबॉलमधील धार्मिक हावभाव व पंथद्वेष यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१२ फेब्रुवारी २००६ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, आयब्रॉक्स मैदानावर, रेंजर्स आणि सेल्टिक या दोन संघांत सामना झाला. सेल्टिकने तो १-० असा जिंकला. या सामन्यात सेल्टिकचा पोलिश गोलरक्षक आर्तुर बोरुत्स याने रेंजर्सच्या समर्थकांसमोर क्रुसाची खूण केली आणि आणखी काही हावभाव केले. पोलिसांकडे तक्रारी गेल्या. सहा महिन्यांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, प्रोक्युरेटर फिस्कल म्हणजे तेथील सरकारी अभियोक्त्याने खटला न भरता बोरुत्सला शांतताभंगाबद्दल औपचारिक ताकीद दिली. कॅथलिक चर्चने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली. ब्रिटिश मंत्री रूथ केली आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीचे नेते अ‍ॅलेक्स सॅमंड यांनीही टीका केली. अभियोक्ता कार्यालयाला खुलासा करावा लागला की, ताकीद केवळ क्रुसाच्या खुणेबद्दल नसून प्रेक्षकांना उद्देशून केलेल्या एकूण वर्तनाबद्दल आहे.

ही घटना बहुधा धर्मस्वातंत्र्य विरुद्ध सार्वजनिक सुव्यवस्था अशा चौकटीत चर्चिली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चौकट अपुरी वाटते. कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना उजव्या हाताचा स्पर्श करणे ही कॅथलिक उपासनेतील अगदी प्राथमिक कृती आहे. वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती घरांत लहान मूल प्रार्थनेचे शब्द पाठ होण्याआधी ही खूण शिकते. गोव्याच्या मैदानावर एखाद्या खेळाडूने ती केली तर कोणी वळूनही पाहत नाही. तीच कृती आयब्रॉक्सवर गुन्ह्याच्या उंबरठ्यावर कशी पोहोचली, हा खरा प्रश्न आहे. खुणेचा अर्थ खूण करणाऱ्याच्या मनात जेवढा असतो, त्याहून अधिक तो ज्या भूमीवर ती केली जाते त्या भूमीच्या इतिहासात असतो. आणि कायद्याने दोन्ही बाजूंच्या खुणांना समान मापाने मोजायचे ठरवले की त्या इतिहासातील विषमता नेमकी दृष्टिआड होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन संघ, दोन वस्त्या

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंड हा प्रेसबिटेरियन देश झाला. पोपची सत्ता नाकारली गेली आणि तिच्याबरोबर मूर्ती, मेणबत्त्या, जपमाळ व क्रुसाची खूण यांचीही उपासनेतून हकालपट्टी झाली. हा तपशील गौण वाटला तरी पुढील विवेचनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. स्कॉटिश प्रॉटेस्टंट माणूस चर्चमध्येही ही खूण करीत नाही. त्यामुळे तेथे ती करणारा माणूस त्या क्षणी 'वेगळा' म्हणून ओळखू येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळाने हजारो कॅथलिक कुटुंबे ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन राहिली. मिळेल ते काम कमी मजुरीत करणारा, परधर्मीय आणि दरिद्री असा हा समाज होता. त्याच काळात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातून प्रॉटेस्टंट कामगारही ग्लासगोत आले, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. त्यांनी ऑरेंज लॉजची परंपरा बरोबर आणली. १६९० च्या बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंट राजा विल्यम याने कॅथलिक जेम्सचा पराभव केला, त्या विजयाचे स्मरण म्हणून दरवर्षी जुलै महिन्यात बासरी आणि ढोल वाजवीत मिरवणुका काढण्याची ही परंपरा होय. थोडक्यात, आयर्लंडमधील भांडणाचे दोन्ही पक्ष एकाच शहरात शेजारी राहू लागले. स्कॉटलंडमधील कॅथलिक धर्मप्रांतांची रचना १८७८ मध्ये पुन्हा स्थापन झाली. नोव्हेंबर १८८७ मध्ये कॅल्टन भागातील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश मारिस्ट धर्मबंधूच्या पुढाकाराने सेल्टिक क्लबची स्थापना झाली. पूर्व ग्लासगोतील गरीब मुलांच्या जेवणासाठी निधी उभारणे हा तिचा जाहीर हेतू होता. २८ मे १८८८ रोजी क्लबचा पहिला सामना झाला, तो रेंजर्सशीच. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. सामना मैत्रीपूर्ण होता.

रेंजर्सची स्थापना १८७२ मधील. काही तरुणांनी खेळाच्या हौसेने काढलेला हा संघ. त्याच्या जन्मात धर्माचा भाग नव्हता. मग तो 'प्रॉटेस्टंट संघ' कसा झाला? सेल्टिकच्या यशामुळे कॅथलिकांना एक प्रतिनिधी मिळाला, तेव्हा बहुसंख्याकांनाही त्यांच्यासमोर उभा राहील असा प्रतिस्पर्धी हवा होता, हे त्याचे एक उत्तर. १९१२ च्या सुमारास बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीने रेंजर्सच्या शेजारी गोव्हन येथे कारखाना घेतला आणि अल्स्टरचे कामगार तेथे आले, हे दुसरे. या दुसऱ्या कारणाला किती वजन द्यावे याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. निश्चित एवढेच की पहिल्या महायुद्धानंतर रेंजर्सने कॅथलिक खेळाडूला जाणीवपूर्वक करारबद्ध करायचे नाही, असा अलिखित नियम दृढ झाला. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आयरिश वंशाच्या लोकांपासून स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका असल्याचे सांगणारा अहवाल मांडला गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे रेंजर्सचा नियम हा एका क्लबचा विक्षिप्तपणा नव्हता हे कळते. या अहवालाबद्दल चर्चने २००२ मध्ये क्षमायाचना केली.

सेल्टिकचे धोरण भिन्न होते. ५ सप्टेंबर १९३१ रोजी आयब्रॉक्सवर रेंजर्सच्या खेळाडूशी झालेल्या धडकेत प्राण गमावलेला सेल्टिकचा तरुण गोलरक्षक जॉन थॉमसन प्रॉटेस्टंट होता. १९६७ मध्ये लिस्बन येथे सेल्टिकला युरोपियन कप जिंकून देणारे प्रशिक्षक जॉक स्टीन हेही प्रॉटेस्टंट होते. भारतीय वाचकाला विशेष वाटावे असे उदाहरण १९३६ मधील आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा खेळाडू मोहम्मद सलीम त्या वर्षी सेल्टिकच्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून गॉल्स्टन व हॅमिल्टन यांच्याविरुद्ध खेळला, तोही अनवाणी, पायांना केवळ पट्ट्या गुंडाळून. ज्या क्लबला शहर 'कॅथलिक' म्हणून ओळखत होते, त्याने एका मुसलमान खेळाडूला संधी दिली. आणि हा खेळाडू ज्या क्लबकडून आला होता तो कलकत्त्यात तितक्याच उघडपणे एका धार्मिक समाजाचा मानला जात असे.

'जुनी पेढी' : वैराचे अर्थकारण

या दोन संघांना मिळून 'ओल्ड फर्म' म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर 'जुनी पेढी' असेच करावे लागेल आणि ते चपखल आहे. १९०४ मधील एका व्यंगचित्रातून हे नाव रूढ झाल्याचे सांगतात. दोघांचे वैर हाच दोघांचा व्यापार, हा त्यातील टोमणा. सेल्टिक १८९७ मध्ये आणि रेंजर्स १८९९ मध्ये मर्यादित कंपन्या झाल्या आणि मुलांच्या जेवणाचा मूळ हेतू मागे पडत गेला.

हा टोमणा किती खरा होता हे १९५२ मधील एका प्रसंगावरून दिसते. त्या वर्षीच्या नववर्षदिनाच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाल्यावर फुटबॉल संघटनेने सेल्टिकला मैदानावरील आयरिश तिरंगा उतरवण्यास सांगितले. सेल्टिकने नकार दिला. प्रकरण क्लबच्या निलंबनापर्यंत जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा मतदानात सेल्टिकच्या बाजूने उभा राहिला तो रेंजर्स! धर्मवैराच्या पलीकडील हा शहाणपणा होता की तिकीटविक्रीची काळजी, हे वाचकांनी ठरवावे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. मुंबईतील पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघच धर्माच्या वा वंशाच्या नावाने उतरत. गांधीजींनी १९४० मध्ये तिच्याविषयी प्रतिकूल मत दिले आणि १९४६ मध्ये ती संपुष्टात आली. तेथे धर्म संघाच्या नावातच होता. म्हणून नाव बदलले, स्पर्धा थांबवली, की प्रश्नाचा तो आविष्कार थांबवता आला. ग्लासगोत मात्र दोन्ही क्लबांच्या नावात धर्म नाही. जे नावात लिहिलेले नसते त्याचा भार रंगावर, झेंड्यावर, गाण्यावर आणि अखेर हाताच्या हालचालीवर पडतो. क्रुसाच्या खुणेला तेथे एवढे वजन का आले, याचे एक कारण या उणिवेत आहे.

तीन हावभाव

२६ ऑक्टोबर १९८६ रोजी लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकचा आघाडीपटू मो जॉन्स्टन याला पंचांनी बाहेर काढले. मैदान सोडताना त्याने रेंजर्सच्या प्रेक्षकांसमोर क्रुसाची खूण केली. त्या क्षणी ती प्रार्थना होती असे म्हणणे कठीण आहे. ते एक प्रत्युत्तर होते, आणि ज्यांना ते द्यायचे होते त्यांना ते बरोबर पोहोचले. पुढील घटना अधिक बोलकी आहे. जुलै १९८९ मध्ये याच जॉन्स्टनला रेंजर्सचे व्यवस्थापक ग्रेम सूनेस यांनी १५ लाख पौंडांना विकत घेतले. १९७६ मध्ये क्लबने धोरण बदलण्याचे जाहीर आश्वासन दिले होते. ते प्रत्यक्षात येण्यास तेरा वर्षे लागली. रेंजर्सच्या काही समर्थकांनी गळपट्टे जाळले, तर सेल्टिकच्या समर्थकांनी जॉन्स्टनला विश्वासघातकी ठरवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने सेल्टिकविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांत विजयी गोल केला, तेव्हा रेंजर्सच्या बहुतेकांनी त्याच्या धर्माची चौकशी सोडून दिली.

दुसरा हावभाव पॉल गॅस्कॉइन या इंग्रज खेळाडूचा. २ जानेवारी १९९८ रोजी सेल्टिकच्या मैदानावर राखीव खेळाडू म्हणून सराव करताना त्याने बासरी वाजवण्याची नक्कल केली. ऑरेंज मिरवणुकीतील बासरी ती हीच. क्लबने त्याला २०,००० पौंड दंड केला. १९९५ मध्ये त्याने हीच नक्कल प्रथम केली होती आणि तेव्हा तिचा अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्याने पुढे सांगितले. दुसऱ्या वेळी मात्र ही सबब उपलब्ध नव्हती.

तिसरा हावभाव बोरुत्सचा. पोलंडमधून २००५ मध्ये आलेल्या या गोलरक्षकाच्या दृष्टीने खेळापूर्वी क्रुसाची खूण करणे ही घरची सवय होती, हे मान्य करण्यास काहीच हरकत नाही. परंतु त्याच्या वर्तनाचा क्रम पाहिला तर सवय आणि आव्हान यांतील सीमा पुसट होत गेलेली दिसते. समर्थकांनी त्याला 'पवित्र गोलरक्षक' अशा अर्थाचे टोपणनाव दिले. एप्रिल २००८ मध्ये रेंजर्सवर ३-२ असा विजय मिळवल्यावर त्याने पोप जॉन पॉल दुसरे यांचे चित्र आणि पोपवर ईश्वराची कृपा असो या आशयाचा मजकूर असलेला बनियन सर्वांना दाखवला. पोलंडमध्ये ही देशभक्ती ठरली असती. ग्लासगोत दोन-तीन वर्षे काढलेल्या माणसाला तिचा तेथील अर्थ माहीत नव्हता, असे समजणे भाबडेपणाचे होईल. परका माणूस आपली खूण घेऊन येतो, स्थानिक समाज तिला आपला अर्थ देतो, आणि काही काळाने तो माणूसही त्याच अर्थाने ती वापरू लागतो. गॅस्कॉइनच्या आणि बोरुत्सच्या बाबतीत हाच प्रवास घडला.

या तीन हावभावांना वृत्तपत्रे आणि प्रशासन 'दोन्ही बाजूंची चिथावणी' अशा एका पारड्यात घालतात. ही तुलना वरवर न्याय्य वाटते; तीच आक्षेपार्ह आहे. कॅथलिक बाजूची खूण उपासनेतून आलेली आहे. दररोज, मैदानाशी काहीही संबंध नसताना, असंख्य माणसे ती करतात. प्रॉटेस्टंट बाजूची खूण मात्र उपासनेतून आलेली नाही, कारण प्रेसबिटेरियन उपासनेत अशी शारीरिक खूण उरलेलीच नाही. ती आली एका विजयाच्या मिरवणुकीतून. बासरीची नक्कल घरी, जेवणापूर्वी, एकांतात कोणी करीत नाही. म्हणून दोन्हींवर सारखीच बंदी आणली तर एका समाजाची केवळ शेरेबाजी थांबते आणि दुसऱ्याची प्रार्थनाही थांबते. उलट, कॅथलिक खुणेला प्रार्थना म्हणून सरसकट सूट दिली तर १९८६ मधील जॉन्स्टनसारख्याला धर्माआड लपून डिवचण्याची मुभा मिळते. ही अडचण कोणत्याही निःपक्षपाती नियमाने सुटणारी नाही.

रेंजर्सच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. १९९० नंतर त्या क्लबमध्ये युरोपातील कॅथलिक खेळाडू मोठ्या संख्येने आले. इटलीचा लोरेंझो अमोरुसो १९९८ मध्ये कर्णधार झाला. २००६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे बोरुत्सला ताकीद मिळाली त्याच हंगामात, पॉल ल ग्वेन हे क्लबचे पहिले कॅथलिक प्रशिक्षक झाले. भरतीतील भेदभाव संपला होता. प्रेक्षकांच्या गाण्यांतील द्वेष संपला नव्हता. त्याच वर्षी पंथद्वेषी गाण्यांवरून युरोपीय फुटबॉल संघटनेने रेंजर्सला दंड केला.

कायद्याची मर्यादा

हा सारा प्रकार मैदानापुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. ऑक्टोबर १९९५ मध्ये सेल्टिकचा सामना पाहून परतणाऱ्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाचा भर रस्त्यात गळा चिरून खून झाला. त्याच्या गळपट्ट्याचा रंग एवढेच त्याला निमित्त होते. या घटनेतून पुढे 'निल बाय माउथ' ही पंथद्वेषविरोधी संस्था उभी राहिली. २००२ मध्ये सेल्टिकचा नील लेनन याने ठार मारण्याची धमकी आल्यामुळे उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळणे थांबवले. २०११ मध्ये, तो सेल्टिकचा व्यवस्थापक असताना, त्याच्या नावे स्फोटकांची पार्सले पाठवली गेली. हावभावांची चर्चा करताना हे रक्त विसरून चालणार नाही. ताकीद देणाऱ्या अधिकाऱ्याला ते विसरणे शक्यही नव्हते.

मात्र या हिंसेमागे धर्म किती, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी १९९९ मध्ये एडिंबरा येथील व्याख्यानात कॅथलिकद्वेष ही स्कॉटलंडची लाज असल्याचे म्हटले. त्या वादातून टॉम डिव्हाइन यांनी संपादित केलेला ग्रंथ सिद्ध झाला. याउलट स्टीव्ह ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असे मांडले की नोकऱ्यांतील भेदभाव ओसरला आहे, आंतरपंथीय विवाह सर्रास होतात आणि पंथद्वेषाचा बोलबाला वस्तुस्थितीहून मोठा आहे. जनगणनेचे आकडे ब्रूस यांच्या बाजूने काही सांगतात. २००१ मध्ये स्कॉटलंडमधील सुमारे ४२ टक्के लोकांनी आपण चर्च ऑफ स्कॉटलंडचे असल्याचे सांगितले होते. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले आणि कोणताही धर्म नसल्याचे सांगणारे ५१ टक्के झाले. कॅथलिकांचे प्रमाण १६ वरून १३ टक्क्यांवर आले. आयब्रॉक्सवर पोपविरोधी गाणी म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी चर्चची पायरी वर्षानुवर्षे चढलेली नसावी. तथापि यावरून द्वेष निरुपद्रवी झाला असा निष्कर्ष निघत नाही. श्रद्धा गेली की खुणेला आवर घालणारा धर्मोपदेशकही जातो. उरते ती केवळ 'आपण' आणि 'ते' ही विभागणी, आणि तिला जाब विचारणारे कोणी राहत नाही.

शासनाने दोनदा कायद्याचा आधार घेतला. २००३ च्या कायद्याने धार्मिक पूर्वग्रहातून घडलेल्या गुन्ह्यास अधिक गंभीर मानण्याची तरतूद केली. मार्च २०११ मधील एका वादग्रस्त सामन्यानंतर केवळ फुटबॉलसाठी स्वतंत्र कायदा करण्याचे ठरले. जून २०११ मध्ये संसदीय समितीपुढे मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांना विचारण्यात आले, तेव्हा विशिष्ट परिस्थितीत क्रुसाची खूणसुद्धा आक्षेपार्ह ठरू शकते, असे त्यांना सांगावे लागले. ज्या सॅमंड यांनी २००६ मध्ये बोरुत्सच्या ताकिदीवर टीका केली होती, तेच आता सरकारचे प्रमुख होते. विरोधी बाकावरून जी खूण निखळ प्रार्थना दिसते ती सत्तेच्या बाकावरून संभाव्य दंगल दिसू लागते, हे काही केवळ स्कॉटलंडचे वैशिष्ट्य नव्हे.

२०१२ मध्ये हा कायदा अमलात आला. त्यातील एक कलम विलक्षण होते : वर्तनामुळे चिथावले जाऊ शकतील असे लोक प्रत्यक्ष हजर नसले, किंवा पुरेशा संख्येने नसले, तरीही गुन्हा ठरू शकत असे. खुणेचा अर्थ पाहणाऱ्यावर अवलंबून असतो हे तत्त्व येथे टोकाला नेले गेले. पाहणारा नसतानाही त्याच्या वतीने न्यायाधीशाने दुखावून घ्यायचे होते. दोन्ही क्लबांच्या समर्थक संघटना, ज्यांचे एरवी कशावरही एकमत होत नसे, या कायद्याच्या विरोधात मात्र उभ्या ठाकल्या. १५ मार्च २०१८ रोजी स्कॉटिश संसदेने ६२ विरुद्ध ६० मतांनी तो रद्द केला. धार्मिक पूर्वग्रहाविषयीची २००३ ची तरतूद द्वेषमूलक गुन्ह्यांच्या २०२१ च्या कायद्यात समाविष्ट झाली आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. २००६ मध्ये बोरुत्सला ज्या शांतताभंगाच्या गुन्ह्याखाली ताकीद मिळाली, तो कोणत्याही संसदेने केलेला नाही. स्कॉटलंडच्या रूढ कायद्यातील तो जुना गुन्हा आहे, आणि या सर्व घडामोडींनंतरही तो कायम आहे.